रॉक बँडनंतरचं कीर्तन

विद्यापीठाच्या फाटकाबाहेर कांजूरमार्गच्या बसची रांग. माझ्यापुढे नऊवारीतली एक कॉलेजकन्यका आणि तिची आई.

"रॉक बँडनंतर तुझं कीर्तन म्हटल्यावर वाटलं, लागली वाट!"

"अर्धी पोरं उठलीच होती गं. मग मी त्यांच्या ड्रमरलाच टाळ धरायला बोलावलं."

"झकास वाजवलेन! अख्खं पटांगण नामाचा गजर करत होतं, प्रांजल."

"शेवटी पाया पडायला ही झुंबड! तू कुठे होतीस?"

"मागे अडकले. पाय पुढे कर."

"आई! वेडी झालीस? मुलीच्या पाया?"

"मुलगी घरी. कीर्तनकाराच्या पाया पडल्याशिवाय कीर्तनातून जायचं नसतं."

"लोक बघतायत ना!"

"बघू देत."

बस आली. पण पाया पडायच्या रांगेत आईंच्या मागे माझा नंबर होता.