राखीला सांगायचा शब्द

वरठी स्टेशनवर तिकिटाच्या रांगेत माझ्यापुढे एक जोडपं होतं. नवऱ्याने नुकताच फोन ठेवला होता.

“पुन्हा राखीच?”

“ऑफिसचं काम आहे, खुशबू. सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते इंग्रजीत लिहून राहिलो आम्ही. एका शब्दावर अडलं.”

“एका शब्दासाठी घरून इथपर्यंत बोलत आले तुम्ही. मले तर दिवसभर ‘हव’ नाहीतर ‘नाही’ एवढंच भेटते.”

“तिले शब्दाची जाण आहे.”

“मले नाही? कोणता शब्द आहे?”

“बटन दाबलं का फाईल यादीतून जाते, पण कॉम्प्युटरमधी राहते. राखी म्हणते, ‘डिलीट’ लिहू.”

“ते वाचून लोक बटन दाबाले भेतील ना. फाईलच गेली समजतील. ‘रिमूव्ह फ्रॉम लिस्ट’ लिहा.”

“हे बराबर आहे.”

“मंग सांगा तिले. कोणं सांगितलं, तेही सांगा.”

“हॅलो, राखी? ‘रिमूव्ह फ्रॉम लिस्ट’ लिही. हव, आत्ताच सुचलं मले. अवो, एवढी तारीफ नको करू.”

खिडकी आली.

“नागपूर, दोन द्या.”

“एकच घ्या. मी घरी जाते.”