दोरीचं बोट

बोटाचं विचारता ना राव? चाकणला कारखान्यात प्रेस मशीनमध्ये तर्जनी गेली, ते मी बाबांना सांगितलंच नव्हतं. मोतीबिंदूमुळे त्यांना दिसतही नव्हतं.

थंडीत समुद्र शांत असतो, म्हणून सुट्टी काढून मालवणला बाबांकडे गेलो. दरवर्षीसारखे दोघं होडीतून गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, टाकायला निघालो. गरीची दोरी तर्जनीवर धरायची, मासा लागला की बोटाला कळतं. मी मधल्या बोटावर धरली. बाबांनी तीनदा माझी दोरी ओढून चाचपली. तिन्ही वेळा मासा आमिष खाऊन गेलेला.

"तुका कळूक नाय?"

"नाय, बाबा."

त्यांनी माझा हात ओढला, बोटं चाचपली आणि अंगठ्याशेजारी थांबले.

मग म्हणाले, "त्याच बोटाक मी शिकयलंय."