डाव्या हाताची करंगळी

थोरली : मग हा शिक्का कुणाचा? या हातमोज्यात, मनगटाच्या आतल्या बाजूला बघा. तुमच्याच दुकानाचा ना?

कारागीर : शिक्का आमचाच, ताईसाहेब. कातडं कोकराचं, टाकाही माझ्याच हातचा. पण गिऱ्हाइकानं काय सांगितलं ते विचारू नका. तीस वर्षांत या टेबलावरची गोष्ट उंबऱ्याबाहेर गेलेली नाही.

आत्या : झालं समाधान? चल आता. संध्याकाळी धाकट्या सरकारांच्या घरी जाऊन लग्नाला हो की नाही ते सांगायचंय, आणि ही बया हातमोज्यांची उलटतपासणी घेत बसलीय! माणसानं भेट पाठवली, ती घालावी आणि गप्प बसावं.

थोरली : घातली म्हणूनच आले. डावा मोजा असा बसला, जणू माझीच कातडी कुणी मला परत आणून दिली. करंगळी वळते तिथेच तोही वळतो.

आत्या : मग बिघडलं काय?

थोरली : घोड्यावरून पडले तेव्हापासून हे वाकडं बोट मी चारचौघांत उघडं ठेवलेलं नाही. मागच्या पाहुण्यांनी तेवढं पाहिलं, अंगठी घालताना. चहा अर्धा टाकून बग्गीत बसले. आणि धाकट्या सरकारांनी तर माझा हात अजून हातातही घेतलेला नाही. त्यांना माप दिलं कुणी?

आत्या : मला काय ठाऊक!

थोरली : तू या दुकानात कधी आली होतीस, आत्या?

आत्या : मी? या गल्लीचं तोंडसुद्धा आज पहिल्यांदा बघतेय.

कारागीर : बाईसाहेब, राग नसावा... तेवढी छत्री नेता का? पंधरा दिवस कोपऱ्यात उभी आहे. बदकाच्या मुठीची.

आत्या : मेल्या, उंबऱ्याबाहेर गोष्ट जात नाही म्हणालास ना?

कारागीर : आपण अजून उंबऱ्याच्या आतच आहोत, बाईसाहेब.

थोरली : बग्गीत हरवली म्हणून त्या गरीब गाडीवानाला केवढं बोललीस! म्हणजे तूच. माझं व्यंग तू विकलंस.

आत्या : विकलं? झाकलं, पोरी! त्यांनी मापाला जुना मोजा मागितला. मी स्वतः इथे आणून दिला आणि म्हटलं, करंगळी सरळ कापा, शेंड्याला कापूस भरा. लग्न लागेपर्यंत हात सरळ दिसला की गंगेत घोडं न्हालं.

थोरली : म्हणजे त्यांना फसवायचं. आणि नंतर?

आत्या : नंतरचं नंतर. तुझा बाप नाही, आई नाही. पुन्हा एकदा अर्धा चहा टाकून कुणी गेलेलं मला बघवलं नसतं गं.

थोरली : पण हा मोजा तर वाकडा आहे. कापूस कुठे गेला?

कारागीर : भरला होता, ताईसाहेब. जोड धाकट्या सरकारांकडे गेला आणि दुसऱ्याच दिवशी ते स्वतः घेऊन आले. म्हणाले, हा हात तिचा नाही. मग स्वतःची करंगळी या टेबलावर वाकवून दाखवली, इतकी वळते, याहून जास्त नाही. आमची म्हातारी म्हणते तेच खरं : हात झाकला तरी, टाका बोलतो घरोघरी.

थोरली : पण त्यांनी पाहिलं कुठे?

कारागीर : तबेल्यात म्हणे. गेल्या हिवाळ्यात आपण मोजा काढून घोड्याला साखर देत होता. लगाम धरलेल्या माणसाला मोतद्दार समजून चांगलं झापलंत.

थोरली : अगंबाई! तो... मी त्याला म्हटलं, झोपलास का रे, नीट धर! त्यानं मान वर केली नाही. आणि दोन महिने समोर बसून चहा पितात, पण एका शब्दानं बोलले नाहीत! पारखत होते का मला?

आत्या : आणि तू तरी कुठे बोललीस?

थोरली : नुसता उजवा मोजा घालून जाणार आहे मी. डावा पेटीत ठेवा, काका.

आत्या : सगळ्यांसमोर? अगं, कापूस काढणं वेगळं, चारचौघांत हात धरणं वेगळं. त्यांनी मान फिरवली तर?

थोरली : तर या वेळी बग्गी आपली आहे, उठून निघणारे आपणच.

(कारागीर पेटीला फीत बांधू लागतो.)

थोरली : गाठ सैल मारा, काका. तिथून निघताना गारठा असेल. तोवर मान फिरली नसेल, तर त्यांनाच डावा मोजा घालून द्यायला सांगेन.