तिच्या हातचं

दिवसभर उभं राहून सलूनवाल्याच्या पायांचे तुकडे पडले होते, आणि रोपवाटिकेच्या रांगेत पुढच्या बाई काही हलेनात.

"हे ठिपकेदार पानांचं विषारी असतं का हो?"

"चावलं तर तोंड सुजतं, ताई. घरात लहान मूल आहे?"

"मुलगी आहे, चार वर्षांची."

"मग नकोच. मुलं काहीही तोंडात घालतात."

"ती नाही घालत. भातुकली खेळते. पानं चिरते आणि आजोबांना भरवते."

"ते खोटं खोटं खात असतील."

"खरं खातात. काल गुलाबाचं अख्खं फूल गिळलं."

"अहो, मग त्यांना समजवा ना!"

"कुणाला? मी कोण, हेही कळत नाही आता त्यांना."

"मग मुलीला रागवा."

"मी घास पुढे केला की सासरे तोंड घट्ट मिटून घेतात. तिला मात्र म्हणतात, अजून वाढ."

"मग खरं जेवणही तिलाच भरवू द्या की."

"तेच करतो. पण आधी तिचा स्वयंपाक संपवावा लागतो."

रोपवाल्याने ठिपकेदार पानांची कुंडी मागे सारली. सलूनवाल्याने हातातली कुंडी खाली टेकवली.

"म्हणून म्हणते, न बाधणारं काहीतरी दाखवा. आणि पानं जरा कोवळी असू देत. दात राहिले नाहीत त्यांना."