चार बोटांची भानगड

हिंमतराव : अन तो पोस्टमन! कार्ड घरी आणून द्यायचं सोडून त्यानं पारावर मोठ्यानं वाचलं. "मित्रा दयाराम, तुझ्याविना संध्याकाळचा आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा वर्ग सुना वाटतो." सारा गाव मले इचारून राह्यला, हिंमतराव, तुमचं पोट्टं नागपूरले इंजिनेर होऊन राह्यलं का इलायतीत पळून राह्यलं?

दयाराम : बाबा, दिवसभर इंजिनेरीच आहे. सांजच्याले दोन तास हे दुसरं.

हिंमतराव : काय शिकवतात त्या दोन तासात?

दयाराम : देशादेशातले संबंध. भांडण कशानं लागते, तह कसा होते, कोण कोणाशी काऊन बोलत नाही.

कौशल्याबाई : अव माय! ते शिकाले इतक्या दूर नागपूरलोक कायले गेला रे बापा? आपल्या अंगणात खाट टाकून बसला असता.

हिंमतराव : तू गप बस वं.

कौशल्याबाई : बसली. तोंड तेवढं चालू आहे.

हिंमतराव : हे पाय दयाराम. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं होते मंग. मी तुले इंजिनेरीले कायले घातलं? अंगणात विटा रचून तीन महिने झाले. भाऊरावच्या अन आपल्या मधात डोक्याइतकी भिंत पायजे मले. तुह्या हातची, वळंब्यात, सरळ.

कौशल्याबाई : सख्ख्या भावाच्या तोंडावर भिंत. तीही शेवग्याच्या एका झाडापायी. शेंगा तो तोडते का आपण तोडतो, याच्यापायी पाच वर्षं झाले दोघं भाऊ एकमेकाकडे पायत नाहीत.

हिंमतराव : झाड माह्या हद्दीत आहे.

कौशल्याबाई : बुंधा तुमच्या हद्दीत, फांद्या भाऊजीच्या. अन कालवण दोन्ही घरी सारखंच होते, इचारा माह्या जावेले, जनकाबाईले.

हिंमतराव : तू तिले शेंगा देतं काय?

कौशल्याबाई : मी कायले देऊ? वारा येते, पडतात तिकडं.

दयाराम : बाबा, मी खरं सांगतो. इंजिनेरीत बांधकामाचं व्यवस्थापन म्हणून विषय आहे. कोणतं काम आधी, कोणतं मंग, किती माणसं, कोणतं माप, सारं शिकवतात. पण कामावरचे दोन माणसं एकमेकाशी बोलतच नसले तर काय करायचं, ते त्या पुस्तकात नाही. म्हून दुसरं घेतलं. मले आवडते ते. चोरून घेतलं, तेवढं चुकलं.

हिंमतराव : आवडते म्हणे! आवड पाहून कोणी नांगर धरते काय? उद्याच चिठ्ठी टाकतो. तुहं नाव त्या सांजच्या वर्गातून काढून टाका म्हणतो. कायले लागते ते? गावात एक उपयोग दाखव त्याचा. एक!

कौशल्याबाई : दाखवू दे ना मंग. शाळेची चौकट पडलीच आहे आडवी.

दयाराम : कोणती चौकट?

हिंमतराव : तोंड घालू नको त्याच्यात. आधीच माहं डोकं फिरलं आहे. उद्या नऊ वाजता पंचायत समितीचे सभापती येऊन राह्यले नव्या शाळेच्या चौकटीच्या पूजेले. शाळा कमिटीचा अध्यक्ष मी. अन चौकट दारात जात नाही!

दयाराम : जात नाही म्हणजे? चौकट आधी उभी करतात, मंग भिंत चढते.

हिंमतराव : हे कोणाले समजत नाही? पण कडूबा मिस्त्री अन कारभारी सुतार, दोघायची मागच्या पोळ्यापासून बोलचाल बंद. तोरणाखाली कारभारीची बैलजोडी कडूबाच्या जोडीच्या पुढं घुसली. झालं! चौकट कधी होते हे कडूबानं इचारलं नाही, भिंत कुठलोक आली हे कारभारीनं इचारलं नाही. कडूबानं चार हात उंच जागा सोडली अन भिंत चढवून मोकळा. कारभारीनं चार हात उंच चौकट केली.

दयाराम : मंग बरोबर आहे ना?

कौशल्याबाई : अरे, हात कोणाचा? कडूबा बुटका, कारभारी ताडाएवढा. याच्या चार हातात अन त्याच्या चार हातात चार बोटं फरक आला.

दयाराम : दोघायनंही आपापल्या कोपरानं मोजलं?

हिंमतराव : मंग काय तुह्या कोपरानं मोजतीन? कारभारी म्हणते, सागवान आहे, चौकट कापणं म्हणजे माहं नाक कापणं. कडूबा म्हणते, माही भिंत मी माह्या हातानं फोडणार नाही. मी पाया पडाचा बाकी राह्यलो दोघायच्या.

कौशल्याबाई : तुमची माय असती तर चौकट एका दिवसात बसली असती.

हिंमतराव : आता मायचं काय मधात?

कौशल्याबाई : अहो, बुढी होती तवर मी अन जनकाबाई एका ताटात जेवत होतो. चुलीजवळ बसून दोघी मिळून तिले शिव्या देत होतो. बुढी गेली, अन दोन महिन्यात घर फुटलं. सासूचा धाक होता म्हून जावा-जावा एक होत्या.

दयाराम : माय... थांब. पुन्हा सांग बरं.

कौशल्याबाई : काय पुन्हा सांगू? सासूले शिव्या दिल्या ते? एकदा कबूल केलं तेवढं पुरे.

दयाराम : बाबा, उद्या नऊच्या आत चौकट उभी राह्यली तर माहा दुसरा विषय चालू. नाही राह्यली तर तुम्ही चिठ्ठी टाका, मी पुस्तकं आपल्या हातानं कोठीत टाकतो.

हिंमतराव : खरं बोलतं? सभापतीसमोर माहं हसं होऊ नाही, बस.

दयाराम : एकच अट. मी काय करतो ते इचारायचं नाही.

हिंमतराव : नाही इचारत. मले तसंही सोनाळ्याले जायचं आहे, हार-नारळ आणाले. पण ध्यानात ठेवजो, एक दिवस आहे तुह्याजवळ.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच ओसरीत. हिंमतराव सोनाळ्याचा मुक्काम उरकून, शाळेवरून पाय आपटत येतात.)

हिंमतराव : कुठं आहे तो? कुठं आहे तो दीडशहाणा?

कौशल्याबाई : चहा पेऊन राह्यला. काऊन, काय झालं?

हिंमतराव : मले पारावर चार माणसायनं अडवलं! काय बे, काल तू शाळेवर जाऊन सांगतलं, तुमच्या दोघायचेही हात मापाच्या लायक नाहीत?

दयाराम : सांगतलं.

हिंमतराव : मीटरच्या पट्टीनं मोजून दोघायलेही खोटं पाडलं?

दयाराम : हाव. दोघंही सारखेच चुकले होते.

हिंमतराव : अन म्हणे, उद्या खामगावचा मिस्त्री अन खामगावचा सुतार आणतो, भिंतही पाडतो अन चौकट चुलीत घालतो? सागवानाची चौकट! कडूबानं तुले अंगाखांद्यावर खेळवलं बे. कारभारीनं तुहा पाळणा केला. त्यायले असं बोलाले जीभ कशी झाली तुही? मले लाज वाटली. खाली मान घालून आलो मी सोनाळ्याच्या रस्त्यानं शाळेलोक.

कौशल्याबाई : अन शाळेवर काय पाह्यलं?

हिंमतराव : काय पाहाचं? निंबाखाली दोघंही बसले होते. एकाच किटलीतला चहा. कडूबानं बशी भरून कारभारीले देल्ली. मी म्हणलं, सपन तर पडलं नाही मले?

कौशल्याबाई : अन चौकट?

हिंमतराव : उभी आहे.

कौशल्याबाई : आं?

हिंमतराव : उभी आहे म्हणतो ना! कारभारीनं पायाकडून दोन बोटं कापली, कडूबानं वरून दोन बोटं विटा तासल्या. कोणी कोणाले म्हणलंही नाही. दिवस बुडाच्या आत बसवली. वरून मलेच सुनावते कडूबा, "हिंमतराव, रागावू नका, पण तुमच्या पोराले बांधकामातलं काडीचं समजत नाही. खामगावचा मिस्त्री आणते म्हणे! हा कारभारी काय मेला होता काय?" अन कारभारी म्हणते, "कडूबासारखा हात आहे काय कोणाचा खामगावात?"

कौशल्याबाई : हसू नको दयाराम, चहा सांडन.

हिंमतराव : काऊन हसून राह्यले दोघंही?

दयाराम : बाबा, खामगावचा मिस्त्री कोणता? मी एकालेही ओळखत नाही.

हिंमतराव : मंग आणत कोणाले होता?

दयाराम : कोणालेच नाही. दोघायले एका ताटात जेवाले लावायचं तर कोणाले तरी सासू व्हा लागते. मी झालो.

हिंमतराव : सासू? तू?

कौशल्याबाई : बसा. पाणी देऊ काय?

हिंमतराव : हे त्या नागपूरच्या पुस्तकात आहे?

दयाराम : आहे. एवढं सोपं करून नाही लिहिलं. मले वाचलं तवा समजलं नव्हतं. मायनं सांगतलं तवा समजलं.

कौशल्याबाई : पाहा! अन मले कोणी वर्गात बसवलं नाही.

हिंमतराव : पण बापा, त्या दोघायनं मले साफ सांगतलं. पूजेले तुमचं पोट्टं दिसलं नाही पायजे. सारं गाव तिथं राहीन, अन ज्यानं बसवली तोच घरी?

दयाराम : मी येतच नाही. मी गेलो अन कोणाले खरं समजलं, तर दोन बोटं याची का त्याची, पुन्हा चालू. अजून छत बाकी आहे शाळेचं. छत होईलोक मले शिव्याच खाऊ द्या.

हिंमतराव : वाईट नाही वाटत तुले?

दयाराम : वाटते ना. कारभारी काका काल माह्याकडे पाठ फिरवून बसले, तवा लय वाटलं. त्यायच्या पाळण्यात झोपलो मी.

कौशल्याबाई : अहो, साडेआठ झाले. सभापतीची जीप येईन. टोपी घाला.

हिंमतराव : घालतो. अवं दयारामच्या माय, शाळेचा उंबरा हातभर उंच झाला आहे जमिनीपासून. लहाने पोट्टे चढतीन कसे?

कौशल्याबाई : मंग दोन पायऱ्या घाला.

हिंमतराव : तिथल्या विटा सरल्या. आपल्या अंगणातल्या पडल्याच आहेत. गड्याले सांग, पूजा झाली का गाडी जुंप म्हणा. साऱ्या नेजो.

कौशल्याबाई : साऱ्या? अन आपली भिंत?

हिंमतराव : भिंतीची काही घाई नाही. याचा दुसरा विषय पुरा होऊ दे, मंग पाहू.