आखूड नळी आणि आत्याचा खांदा

मी, खाली सही करणारी, वय बावीस वर्षे, धंदा शिक्षण, राहणार नेमबाजीच्या मैदानामागे आत्याच्या घरी, समक्ष हजर राहून सांगते की,

मैदानावर नेमबाजी शिकवणारी प्रशिक्षिका ही माझी सख्खी आत्या आहे. आज सकाळी सराव चालू असताना मैदान चालवणाऱ्या नेमबाजी मंडळाचे नवे चिटणीस तेथे आले. आत्याच्या हातातील बंदूक पाहून, ही नळी कापून आखूड केली आहे, असे ते सर्वांसमक्ष म्हणाले. त्यावर आत्या म्हणाली, "आखूड दिसलं की कापलेलं? मग तुमची उंची कुणी कापली हो, साहेब?" मुले हसली. चिटणीस हसले नाहीत. त्यांनी पोलिसांना बोलावले. बंदूक जप्त झाली असून आत्याचा परवाना रद्द व्हावा, अशी त्यांची मागणी आहे.

सदर बंदूक कार्बाइन आहे. कार्बाइन म्हणजे मुळातच आखूड नळीची रायफल. लांब नळी घोड्यावर अडचणीची होते, म्हणून पूर्वी स्वारांसाठी ती अशी घडवली गेली. ती हलकी असते, अडचणीच्या जागी चटकन वळते आणि खांद्याला टेकवता येत असल्याने पिस्तुलापेक्षा स्थिर राहते. फार लांबच्या निशाण्यावर तिचा जोर कमी पडतो, हे मान्य आहे. आत्याच्या कार्बाइनमध्ये पिस्तुलाचीच गोळी चालते, त्यामुळे धक्का सौम्य बसतो. नळी कापली असती, तर टोकावरची नेम धरायची माशीही तुकड्यासोबत गेली असती. ती जागच्या जागी आहे. कृपया पाहावी.

अशी बंदूक का घेतली, या पोलिसांच्या प्रश्नास आत्याने "आवडते" एवढेच उत्तर दिले. ते अपुरे आहे. पूर्वी झालेल्या एका अपघातानंतर तिच्या उजव्या खांद्यात सळई आहे. लांब रायफल उचलली की टोक खाली झुके. डॉक्टरांनी, नेमबाजी विसरा, असे सांगितले होते. तिने रिकामी कार्बाइन खांद्याला लावून भिंतीसमोर उभे राहण्यापासून पुन्हा सुरुवात केली. टेबलावरचा चहा रोज गार होत असे. आज तिच्या हाताखालचे विद्यार्थी तिच्यासारखे स्थिर उभे राहू पाहतात. त्या स्थिरपणामागचे कारण त्यांना ठाऊक नाही.

खांद्याविषयी बोलण्यास आत्याने मला मनाई केली आहे. कळले तर मुले कीव करून तिच्या हातची बंदुकीची पेटीसुद्धा स्वतः उचलायला घेतील, असे ती म्हणते. ती बाहेर बाकावर बसली आहे. हा भाग तिच्या कानावर जाऊ नये, ही विनंती.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. तो मी सांगितल्याबरहुकूम खरा आहे. वाचताना दार लोटून घेतले होते.