सावंतला घरी सोडलं तेव्हा

परळच्या बारमध्ये काउंटरला असून मी थेंबही घेत नाही, हे तुम्हाला माहितीय. पण गिऱ्हाईक झिंगलं की घरी सोडणार कोण? मीच!

परवा दुपारी आमच्या रोजच्या सावंतची दारू बंद केली, स्कूटरची चावी काढून घेतली आणि त्याला खांद्याचा आधार देत चाळीचे तीन जिने चढवलं. वर पोचेपर्यंत माझेच पाय लटपटायला लागले. शर्टावर त्याने सांडलेली रम. आतून कडी वाजली तसा सावंत एकदम ताठ उभा राहिला!

त्याच्या आईने दार उघडलं, माझा वास घेतला.

"मेल्या, एवढी ढोसतोस कशाला? माझ्या पोराला ताप नुसता!"

सावंत म्हणाला, "काय करणार आई, ऐकतच नाही तो."

आता ती माउलीच त्याला रोज बारवर पाठवते. मला समजवायला!